गच्चीवरचं पाणी

हादरा बसला तेव्हा मी भाकरी थापत होते. आधी वाटलं, खाली कुणीतरी मोठा ट्रक मागे घेतोय. मग मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजायला लागली, शेगडी ओट्यावर थरथरली आणि मी हात तसाच परातीत ठेवून उभी राहिले. थांबलंही लगेच. पण तोवर जिन्यात पायांची धडधड सुरू झाली होती. जुळे सोलापुरातली आमची बिल्डिंग काही मोठी नाही, पार्किंगवर तीन मजले, त्यात आम्ही सगळ्यात वर. पण बारा घरांची माणसं एकाच जिन्यातून एकदम खाली निघाली होती. कुणी अनवाणी, कुणी गालावर दाढीचा फेस घेऊन, कुणी पोराला काखोटीला मारून.

मी गेले नाही. मला जाताच येणार नव्हतं. आतल्या खोलीत आत्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरच आहेत, कूस बदलायची झाली तरी मी लागते. यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघीच. पिठाच्या हातांनी मी आत धावले आणि खाटेचा गज घट्ट धरून उभी राहिले. बिल्डिंग पडलीच असती तर त्या गजाने काय सावरणार होतं, देव जाणे.

"तू जा की खाली," आत्या म्हणाल्या.

"गप बसा तुम्ही."

"आगं जा. माजं काय, मी हाय हितंच."

मी गॅलरीत जाऊन खाली वाकून पाहिलं. रस्त्यावर कुणी नाही. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कुणी नाही. पळालेली सगळी माणसं गेली कुठं? मग आवाज ऐकू आले, अगदी पायाखालून. सगळे धावतपळत उतरले होते आणि बिल्डिंगच्या बरोबर खाली, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधल्या जागेत उभे राहून एकमेकांना "तुला जाणवलं का, मला जाणवलं" असं विचारत होते. तीन मजले डोक्यावर घेऊन. मला इतका राग आला की आत्यांची खाट सोडून खाली जावं आणि एकेकाला कान धरून रस्त्यावर काढावं असं वाटलं.

दुपारी समोरच्या घरातली सून म्हणाली, "काकू, तुम्ही आलाच नाहीत खाली! आम्हाला किती काळजी वाटली." काळजी वाटलेल्यांपैकी एकही वर आलं नव्हतं. ते मी बोलून दाखवलं. तिचं तोंड उतरलं, पण मला बरं वाटलं.

त्या दिवसापासून माझं डोकं एका जागी राहीना. हिशोब साधा होता. आत्यांना घेऊन मला पळता येणार नाही, त्यांना सोडून मी पळणार नाही. म्हणजे आम्ही दोघी जगायच्या असू तर बिल्डिंगनेच उभं राहिलं पाहिजे. दुसरा मार्ग नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, फ्लॅट विकून इकडे ये." जणू पुण्यात जमीन हलायची सोय नाही.

माझा स्वभाव मुळातच उतावळा, आणि नोकरीने तो आणखी बिघडवला. उभी हयात बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून काढली. दिवसभर लोक जाळीला तोंड लावून एकच विचारणार, "गाडी कधी येणार?" मलाही ठाऊक नसायचं. तरी काहीतरी सांगावं लागायचं. निवृत्त झाल्यावर कुणी मला काही विचारत नाही, पण ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही असा प्रश्न समोर आला की माझ्या पायाला अजूनही मुंग्या येतात. भूकंप पुन्हा कधी येणार, हा तसलाच प्रश्न.

मी सोसायटीची मीटिंग लावायला लावली. आमचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात, यांचे जुने मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते. माणूस सज्जन. इतका सज्जन की कुणाला नाही म्हणायचं झालं तर त्यांना ताप येतो. मीटिंग पार्किंगमध्येच भरली, कारण दुसरी जागा नाही. आणि पहिला अर्धा तास, लातूरकडच्या त्या मोठ्या भूकंपाच्या पहाटे कोण कुठे झोपलं होतं यातच गेला. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाकडे एक गोष्ट असते आणि ती पूर्ण सांगितल्याशिवाय तो खाली बसत नाही. कुणाची गाय दावं तोडून गेली, कुणाची भिंत शेजाऱ्याच्या अंगणात गेली. मी खांबाला टेकून उभी. शेवटी ओरडले, "ते झालं! आता आपलं काय करायचं ते बोला!"

"वहिनी, तुम्हालाच एवढी तळमळ आहे तर तुम्हीच बघा की कंत्राटदार," भाऊजी म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. अशी मी एकटीच भूकंप समिती झाले.

मी आधी एका इंजिनिअरांना बोलावलं, कॉलेजात शिकवणारे. त्यांनी दोन दिवस खांबांना ठोकून पाहिलं, भोकं पाडली आणि सांगितलं ते असं. बिल्डिंग वाईट नाही. पण वरच्या मजल्यांना भिंती आहेत आणि खाली नुसते खांब, त्यामुळे धक्का बसला की सगळा ताण त्या खांबांवर येणार. खांबांना नव्या सळ्यांचा आणि काँक्रीटचा जाड वेढा घालायचा, मागच्या बाजूच्या काही खांबांमध्ये भिंती उचलायच्या. होण्यासारखं काम आहे, फक्त करणारा नीट पाहिजे. मला पहिल्यांदाच नीट श्वास आला. मग सुरू झाली करणाऱ्याची निवड, आणि तो श्वास पुन्हा अडकला.

मी प्रत्येक कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. पार्किंगच्या मधोमध त्याला उभं करायचं आणि म्हणायचं, "आत्ता, या मिनिटाला हादरा बसला तर तुम्ही कुठे उभे राहाल?"

पहिला आला तो पांढऱ्या बुटांत. मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली, त्यात एक इमारत डावी-उजवी डोलते आणि पुन्हा सरळ होते. त्याच्याकडे कसलंसं रसायन होतं. खांबांना ते लावायचं, वर रंग मारायचा, झालं. बिल्डिंग नवीही दिसेल. रंगाचं म्हटल्यावर अर्ध्या सोसायटीचे डोळे चमकले. माझा प्रश्न ऐकून तो हसला. "मॅडम, असं अभद्र कशाला बोलायचं?" त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

दुसरे म्हणजे भाऊजींचे साडू. ते आले तेच प्रत्येक घरासाठी शेंगाचटणीचं एकेक पाकीट घेऊन. जिना चढून आत्यांना भेटायला गेले. आत्या वळसंगच्या, हे दोन गावं सोडून पलीकडचे, मग विहिरी, बांध, कुणाची मुलगी कुठे दिली हे सगळं निघालं. आत्या कितीतरी दिवसांनी एवढ्या बोलल्या. मला म्हणाल्या, "मानूस लई ग्वाड हाय." गोड होतेच. खांबांना वेढा? होऊन जाईल. भिंती? होऊन जाईल, पण कुणाची गाडी लावायची जागा जाऊ देणार नाही. दोन्ही कसं होणार? होऊन जाईल की ताई. पार्किंगमध्ये उभं करून मी माझा प्रश्न विचारला तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या शेजारीच उभा राहीन, ताई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्याचं नाव इंजिनिअरांनीच सुचवलं होतं. "काम चोख आहे, पण माणूस तिरसट आहे," असं आधीच बजावलं होतं. अक्कलकोटकडचा, बोलण्यात कानडी हेल, बोटांत जाडजूड अंगठ्या, आणि चेहरा असा की आपणच त्याचे पैसे बुडवलेत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी त्याला पार्किंगच्या मधोमध उभं करून प्रश्न विचारला. तो एकदा वर बघून म्हणाला, "मी हितं उबाच राहनार न्हाई. चला, भायेर बोलू." आणि खरंच चालत रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मीही त्याच्या मागोमाग गेले. त्याच क्षणी माझी निवड झाली होती.

पण तो तिथून सरळ गच्चीवर गेला. खांब बघायला आलेला माणूस गच्चीवर कशाला, हे मला कळेना. वर दार उघडलं आणि त्याने कमरेवर हात ठेवले.

आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी एकदा, त्यामुळे बिल्डरने बांधलेली सामाईक टाकी कुणाला पुरत नाही. म्हणून प्रत्येकाने आपापली काळी प्लास्टिकची टाकी आणून ठेवलेली. आधी एकेक, मग शेजाऱ्याची दुसरी आली म्हणून आपलीही दुसरी. प्रत्येकीच्या झाकणाला कुलूप, प्रत्येकीची नळी वेगळी, मोटर वेगळी. पाण्याच्या दिवशी खालच्या लहान हौदातून जो तो आपल्या टाकीत ओढणार. सोलापुरात गच्ची म्हणजे हेच असतं, मी कधी वेगळं काही पाहिलं नव्हतं. भाऊबंदकीत बांध कोरतात तशी आमच्याकडे टाक्यांवरून भांडणं होतात.

"ह्ये समदं वजन वर घिऊन बसलाय तुमी?" तो म्हणाला. "खालचे खांब मी कितीबी जाड करतो. पर ह्या टाक्या खाली पायजेत. न्हाईतर मी काम घेत न्हाई."

मी इंजिनिअरांना फोन लावला. तेही म्हणाले, बरोबर आहे, वरचं वजन जेवढं कमी तेवढं चांगलं, माझ्या अहवालात ते लिहिलंच आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर होतं. शेवटच्या पानापर्यंत आमच्यापैकी कुणी पोचलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या रविवारची मीटिंग म्हणजे मीटिंग नव्हती, आठवडी बाजार होता. खांब राहिले बाजूला, भिंती राहिल्या बाजूला, सगळे टाक्यांवर तुटून पडले. भूकंप आयुष्यात एकदा येणार, पाण्याची बोंब तर दर आठवड्याला, असं जो तो म्हणत होता. साडूंची टाक्यांबद्दल काही तक्रार नव्हती. "टाक्या राहू द्या की, त्या काय कुणाला चावतात?" असं ते म्हणाले होते म्हणे. भाऊजी जमिनीकडे बघत बसले. शेवटी पहिल्या मजल्यावरचा एकजण उठला, तोंडाने फटकळ पण खोटं न बोलणारा.

"काकू, सगळ्यात जास्त टाक्या कुणाच्या आहेत ते सांगू का? तुमच्या. तीन. घरात माणसं दोन. आधी तुमच्या उतरवा, मग आम्हाला शिकवा."

खरं होतं. अंथरुणावरच्या माणसाचं पाणी किती लागतं ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. चादरी, कपडे, रबरी कापड, रोजचं अंग पुसणं, पुन्हा चादरी. त्या तीन टाक्या चैनीच्या नव्हत्या. पण हे सगळं तिथे चारचौघांत सांगायला माझी जीभ वळेना. आत्यांच्या चादरींची चर्चा त्या लोकांनी का करावी?

"उद्या सकाळी उतरवते," मी म्हणाले.

आणि उतरवल्या. सोमवारी तीन हमाल बोलावले, पाणी सोडून दिलं, टाक्या पालथ्या करून मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवल्या. मला तेव्हा गडावर झेंडा लावल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर मी गप्प बसले नाही. रोज संध्याकाळी एकेका दाराची बेल वाजवायची. चहा घ्यायचा, टाकीचा विषय काढायचा. कुणाच्या नातवाला पुढे केलं, कुणाच्या भीतीला, एकीला तर तुझ्या नव्या मॉड्युलर किचनवर अख्खी गच्ची येईल असंही सांगितलं. घरात आत्यांचं खाणंपिणं उरकायचं, औषध द्यायचं आणि निघायचं. चपला पायांतून काढायलाही वेळ नव्हता. जिन्यात लोक मला बघून मोबाइल कानाला लावायचे. पण एक टाकी उतरली, मग दुसरी. दिवाळी उलटेपर्यंत गच्ची मोकळी झाली, बिल्डरची तेवढी उरली. आणि मतदान झालं तेव्हा तिरसट माणूस निवडून आला. भाऊजींनी साडूंना स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांना तापही आला नाही.

कराराच्या सह्या करायला तो यायचा होता त्या दिवशी मी पार्किंग झाडून घेतलं, टेबल मांडलं, चहाचा थर्मास आणून ठेवला. त्याची गाडी फाटकाशी थांबली. तो उतरला, वर बघितलं आणि तिथेच उभा राहिला. आत येईना.

मी बाहेर गेले. "या की."

"बाई, वर बगा."

मी बघितलं. रोज त्याच रस्त्याने जात होते, पण मान वर करून बघितलं नव्हतं. प्रत्येक गॅलरीत टाकी. कुठे निळे ड्रम, एकावर एक पिंपं, एका गॅलरीत तर आंघोळीचा प्लास्टिकचा टब. गच्चीवरून उतरवलेलं सगळं पाणी लोकांनी आपापल्या गॅलरीत नेऊन भरलं होतं. कठड्यापर्यंत. खाली आधार नसलेल्या, हवेत काढलेल्या त्या चिंचोळ्या गॅलऱ्यांमध्ये.

"बिल्डिंग पडायची त्यवढी मी थांबवतो," तो म्हणाला. "ह्या गॅलऱ्या पोरांच्या डोक्यात पडतील, त्याचं कुनी करायचं? गच्चीत बरं हुतं त्यापरास." गाडीत बसला आणि निघून गेला. थर्मासमधला चहा मी तिथेच मातीत ओतला.

आमची गॅलरी तेवढी रिकामी होती. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच अभिमानात मी जिना चढले. सगळ्या बिल्डिंगला शिव्या देत लोटलेलं दार ढकललं. "मूर्ख आहेत सगळे, मूर्ख! यांना मरू दे याच्याखाली!" असं काहीतरी बोलत आत गेले. आत्यांना चहा द्यायची वेळ झाली होती. कप तोंडाशी नेला तर त्यांनी मान फिरवली. "नगं आत्ता." आवाज कसातरीच आला, चिकटल्यासारखा. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. ओठांची सालं निघालेली. हाताची कातडी चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "पाणी देत नाही का तुम्ही यांना?"

देत होते. तांब्या-भांडं उशाशीच असायचं. संध्याकाळी निघताना भरून ठेवायची, आल्यावर थोडं कमी झालेलं दिसायचं, मला वाटायचं पीत असतील. आणि अलीकडे चादरी कमी निघत होत्या. टाक्या गेल्यापासून कमी निघत होत्या, आणि मला त्याचं बरंच वाटलं होतं. चला, तेवढं पाणी वाचलं.

डॉक्टर गेल्यावर मी खाटेशी बसले. सलाईन हळूहळू उतरत होतं. संध्याकाळ व्हायला आली तशी त्या जरा टवटवीत झाल्या.

"आत्या, पाणी का पीत नव्हता?"

"पेत हुते की."

"खोटं नका बोलू."

"कमी पेलं की कमी वलं हुतंय. तुज्या तिनी टाक्या गेल्या न्हवं. कुटनं आननार तू पानी?"

"मी आणीन ना कुठूनही!"

"आन जिन्यात बाया बोलत्यात. दार उगडं असतंय, मला ऐकू येतंय समदं. एका म्हातारीपायी समद्या बिल्डिंगचं पानी गेलं म्हनत्यात. मग मीच वाटी वाटी पेत बसू व्हय?" मग हळूच म्हणाल्या, "तू माज्यासाटीच पळतीस, म्हाईत हाय मला."

मी रडले. लपवून नाही, चांगली मोठ्याने रडले. बिल्डिंग अंगावर पडून त्या मरू नयेत म्हणून मी महिनोन्महिने घरोघर फिरत होते, आणि माझ्या पाठीमागे त्या खाटेवर पडल्या पडल्या वाळत चालल्या होत्या.

मग उठून त्या तिरसट माणसाला फोन लावला. शिव्या द्यायच्याच तयारीने. "टाक्या खाली घ्या म्हणालात, तर पाणी ठेवायचं कुठे?" मी ओरडून विचारलं. "माझी सासू आज सलाईनवर आहे!"

"मागं मोकळी जागा हाय न्हवं," तो म्हणाला, "तितं जमिनीत मोटा हौद बांदायचा. सगळ्यांचा एकच. पंपानं सरळ घराघरात. मला वाटलं तुमी ठरवलंच असंल. मला कुनी इचारलंच न्हाई की, पानी कुटं ठेवायचं म्हनून."

कुणीच विचारलं नव्हतं. भांडण टाकी कुणाची, कुलूप कुणाचं, आधी कुणाची उतरणार यावर झालं. बारा घरं, इंजिनिअर, मी, एवढी माणसं इतके महिने टाक्या उतरवत होतो आणि त्यातलं पाणी कुठे जाणार हे एकानेही विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. मी तर त्याला फक्त एवढंच विचारलं होतं की तुम्ही कुठे उभे राहाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून आला. मागची जागा पावलांनी मापली, खडूने आखली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "हौद व्हायला म्हयना तरी लागंल. तवर तुमच्या टाक्या परत वर चडवा. अर्द्याच भरा. आन गॅलऱ्या आजच रिकाम्या."

माझा कानांवर विश्वास बसेना. "परत वर? आमच्या डोक्यावर? मी एवढ्या मेहनतीने... आणि मधेच हादरा बसला तर?"

"बसला तर बसला," तो म्हणाला. "त्याची खात्री मी देऊ काय? पर म्हातारीला म्हयनाभर पान्यावाचून ठेवनार हाय काय तुमी?"

त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी हे ऐकलं नसतं. टेबल पुन्हा मांडलं, भाऊजींना हाक मारली आणि त्याच टेबलावर करारावर सह्या झाल्या. पहिल्या मजल्यावरचा तो फटकळ माणूस लुंगी गुंडाळून खाली आला आणि न बोलता माझ्या टाकीच्या कडीला दोर बांधायला लागला. मी नको म्हणाले नाही.

तीनपैकी एकच टाकी वर चढवली. दोरावरून ती आमच्या खिडकीसमोरून वर सरकत गेली, तेव्हा मी आत्यांच्या पायथ्याशी बसले होते. त्याच दिवशी नळाला पाणी आलं. खाली कुणीतरी आमची मोटर लावली आणि छतावर, आमच्या डोक्याच्या बरोबर वर, रिकाम्या टाकीच्या तळावर पाणी आदळायला लागलं. पूर्वीपासून तो आवाज ओळखीचाच होता, पण त्या दिवशी मी तो मोजत बसले. मी मनातल्या मनात म्हणत होते, अर्धीच, अर्धीच, बास, आता मोटर बंद करा. आत्या कान देऊन ऐकत होत्या.

"आपली भरायलीय व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो, आपलीच."

"मग आन. तांब्या भरून आन."

मी तांब्या आणला, त्यांची मान हाताने उचलून धरली आणि त्या प्यायल्या. मधे थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्यात गेलं, उशी भिजली, मी पुसलं नाही. सगळा तांब्या संपवला. वर पाणी पडतच होतं. मी छताकडे न बघता दुसरा तांब्या भरायला उठले.